'सेक्ट' म्हणजे तोडलेला तुकडा की धरलेली वाट?



इंग्रजीच्या धड्यात, इतिहासाच्या पुस्तकात किंवा स्पर्धा परीक्षेच्या शब्दयादीत 'सेक्ट' हा शब्द आला, की आपण फळ्यावर 'सेक्ट = पंथ' असं लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. तास पस्तीस मिनिटांचा, शब्द वीस, त्यामुळे दुसरं काही करताही येत नाही. पण हा एक शब्द थोडा थांबून शिकवावा असं माझं मत आहे. कारण आपला 'पंथ' आणि इंग्रजांचा 'सेक्ट' एकाच वजनाचे शब्द नाहीत. वारकरी पंथ, नाथ पंथ, महानुभाव पंथ हे शब्द आपण मान देऊनच उच्चारतो. इंग्रजीत मात्र एखाद्याच्या उपासनेला सरळ 'सेक्ट' म्हटलं तर त्याच्या कपाळाला आठी पडते. मोठ्या धर्मातून फुटून निघालेले, जरा विचित्र, जरा हट्टी लोक, असा वास त्या शब्दाला येतो. हा वास कुठून आला, ते आज बघू या. आणि हे सगळं दूरच्या विलायतेपुरतं नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणि शेजारच्या तालुक्यांत गेल्या शंभरएक वर्षांत अशाच शब्दांवरून घरांत, पंगतींत काय काय झालं, तिथपर्यंत आपल्याला जायचं आहे.

मुलांचा अंदाज

कोरीटच्या वर्गात मी हा शब्द विचारला तेव्हा एका मुलाने लगेच हात वर केला. म्हणाला, "सर, सेक्शनमधला सेक्ट. कापलेला." त्याचं गणित साफ होतं. सेक्शन म्हणजे तुकडी, सेक्टर म्हणजे वर्तुळाचा कापलेला भाग, बायसेक्ट म्हणजे दुभागणं, डायसेक्शन म्हणजे चिरफाड. इन्सेक्टसुद्धा त्यातलाच, कारण कीटकाचं अंग खाचा पाडल्यासारखं दिसतं. मुंगीची कंबर आठवा. हे सगळे शब्द लॅटिनमधल्या 'सेकारे' म्हणजे कापणे या क्रियापदातून आले आहेत. मग सेक्ट म्हणजे मोठ्या धर्मापासून कापून वेगळा झालेला तुकडा, हे किती सरळ वाटतं!

पण तसं नाही. 'सेक्ट' हा शब्द लॅटिन 'सेक्टा'वरून आला आणि तो कापण्याच्या नव्हे, तर 'सेक्वी' या क्रियापदाच्या घरातला आहे. सेक्वी म्हणजे मागोमाग जाणे. सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिल गावच्या इसिदोर नावाच्या बिशपने शब्दांच्या व्युत्पत्तींचा एक मोठा कोश केला होता. त्यातही त्याने सेक्टा हा शब्द 'अनुसरण्या'वरूनच सांगितला आहे. म्हणजे जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. नंतरच्या लोकांच्या कानाला मात्र 'सेक्शन'चा नाद जास्त जवळचा वाटला.

या मागोमाग जाण्याच्या घरात कोण कोण आहे बघा. सिनेमाचा सिक्वेल. गणितातला सिक्वेन्स. कॉन्सिक्वेन्स, म्हणजे मागून येणारा परिणाम. 'सेकंड' हा शब्दही इथलाच, पहिल्याच्या मागून येतो तो दुसरा. आणि 'पर्सिक्यूट', म्हणजे छळणे, हासुद्धा याच घरातला आहे. पाठीमागे लागून लागून एखाद्याला हैराण करणं. म्हणजे सेक्ट आणि सेक्टचा छळ हे दोन्ही शब्द एकाच आईचे. भाषेत असं होतं.

आता मराठीच्या शिक्षकांसाठी एक खास गोष्ट. या 'सेक्वी'चा संस्कृतातला भाऊ 'सच्' हा धातू आहे. सोबत असणे, मागे जाणे हा त्याचा अर्थ. त्यातून 'सचिव' झाला, म्हणजे सोबत राहणारा. 'सखा' हा शब्दही अभ्यासक याच कुळात धरतात आणि लॅटिनमध्ये त्याला जोडीदार असलेल्या 'सोकियुस'पासून 'सोशल' आणि 'सोसायटी' आले. तेव्हा तुमच्या गावच्या विकास सोसायटीच्या सचिवाच्या पाटीवर एकाच कुळाचे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि 'सेक्ट' हा त्यांचा लांबचा चुलतभाऊ आहे. मुलांना हे सांगितलं की ती महिनाभर विसरत नाहीत.

वाट एक, नावं दोन

मूळ अर्थ 'अनुसरलेली वाट' असेल तर रोमन लोकांना 'सेक्टा' या शब्दात काही वावगं वाटत नव्हतं, हे ओघानेच आलं. एखाद्या तत्त्ववेत्त्याच्या मागे जाणारे लोक ती त्याची सेक्टा. ग्रीक भाषेत यालाच 'हायरेसिस' म्हणत, म्हणजे निवड. यहुदी समाजातल्या फरीसी, सदूकी आणि एसेनी या मतांना इतिहासकार योसेफस याने हाच शब्द वापरला आहे. शिवी म्हणून नव्हे, नुसती ओळख म्हणून. पुढे याच 'हायरेसिस'पासून इंग्रजी 'हेरेसी' झाला, म्हणजे धर्मद्रोह. निवडीचा द्रोह कसा झाला?

बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, एक कोर्टाचा प्रसंग आहे. रोमन सुभेदार फेलिक्स याच्यासमोर कैसरिया शहरात पौलावर खटला चालू आहे. फिर्यादीचा वकील म्हणतो की, हा माणूस नासरेथवाल्यांच्या 'हायरेसिस'चा म्होरक्या आहे. पौल उत्तरात ते सरळ नाकारत नाही. तो म्हणतो की, हे लोक ज्याला हायरेसिस म्हणतात त्या 'मार्गा'ने मी माझ्या पूर्वजांच्या देवाची सेवा करतो. बघा, वस्तू एकच आहे. आतला माणूस तिला 'मार्ग' म्हणतो, बाहेरचा 'हायरेसिस' म्हणतो. शब्द बिघडायला सुरुवात होते ती इथून.

गंमत अशी की, साधारण इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक आपल्या धर्माला स्वतःच 'सेक्टा' म्हणत होता, आणि तेही ताठ मानेने. तेव्हा ख्रिस्ती लोक थोडे होते, सत्ता दुसऱ्याची होती. चौथ्या शतकात सत्ता ख्रिस्ती झाली आणि मग 'हेरेसी' आणि 'सेक्ट' हे शब्द हळूहळू आपल्यातल्याच वेगळ्या मताच्या लोकांकडे बोट दाखवायला वापरले जाऊ लागले. मोठ्या घरात राहणाऱ्याला आपण 'एका वाटेने चालणारे' आहोत असं वाटत नाही, त्याला वाटतं आपण म्हणजे रस्ताच. मग जो वेगळी वाट धरतो तो त्याला आपल्यातून 'कापून गेलेला' दिसतो. मुलांच्या मनात येतो तो कापण्याचा अर्थ व्युत्पत्तीने चूक असला तरी त्या शब्दाचा पुढचा प्रवास मात्र त्याच दिशेने झालेला आहे.

आपल्याकडचं पाखंड

हे फक्त लॅटिन-ग्रीकमध्ये होतं असं कुणी समजू नये. 'पाखंड' हा शब्द घ्या. आज आपण पाखंडी म्हणजे ढोंगी, देवधर्म बुडवणारा असं समजतो. पण अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' हा शब्द सर्व मतांच्या, सर्व पंथांच्या लोकांसाठी आहे, आणि त्यात कसलाही तिरस्कार नाही. गिरनारच्या बाराव्या लेखात राजा सांगतो की, तो सगळ्या पासंडांचा मान ठेवतो. स्वतःच्या पासंडाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याच्या पासंडाची उगाच निंदा करू नये. दुसऱ्याच्या मताचा मान राखला की आपल्याच मताचा मान वाढतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली ही भाषा आहे. (अशोकाचे लेख आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे सापडले आहेत.) आणि मनुस्मृतीपर्यंत या. नवव्या अध्यायात जुगारी, क्रूर माणसं वगैरेंच्या रांगेत पाखंडी लोकांनाही बसवलं आहे आणि राजाने त्यांना नगराबाहेर हाकलावं असं सांगितलं आहे. शब्द तोच. बोलणारा बदलला.

दुसरा शब्द तर याहून जवळचा आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जो पंथ उभा केला त्याला आपण महानुभाव पंथ म्हणतो. महानुभाव म्हणजे मोठ्या अनुभवाचा, थोर मनाचा. पंथातले लोक त्याला 'परमार्ग' असंही म्हणत, म्हणजे पुन्हा वाटच. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' त्यांचंच. या पंथाने जातिभेद आणि कर्मकांड यांच्यापासून वेगळी वाट धरली आणि समाजाने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. त्यांनी आपल्या पोथ्या 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या. त्या बाहेरच्या अभ्यासकांना वाचता आल्या त्या थेट विसाव्या शतकात, राजवाडे वगैरे मंडळींनी लिपीचं कोडं सोडवल्यावर. या मधल्या काळात लोकांच्या तोंडी 'महानुभाव'चं 'मानभाव' झालं. आणि आज 'मानभावी' या विशेषणाचा अर्थ काय? वरवर साळसूद, आतून लबाड. आपण वर्तमानपत्रात सहज लिहितो, 'त्याचं मानभावी बोलणं.' एका आख्ख्या पंथाचं नाव आपण शिवीसारखं वापरतोय हे लिहिणाऱ्याच्या मनातही नसतं. व्याकरणाच्या तासाला विशेषणं शिकवताना हे एक विशेषण जपून वापरायला सांगा, एवढी माझी विनंती आहे.

देवी आली तेव्हा

आता आपल्या भागाकडे या. १९२२ साली डहाणू-पालघरच्या किनाऱ्याकडून एक लाट उठली आणि डोंगरांतून पूर्वेकडे, उत्तरेकडे सरकत गेली. लोक म्हणाले, देवी आली. सलाबाई देवी. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी हुकूम द्यायची. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूचा गुत्ता चालवणाऱ्या सावकाराकडे कामाला जाऊ नका. नाशिकचा डोंगरी भाग, डांग, खानदेशाचा काही भाग असं करत ही चळवळ आपल्या नवापूरला लागून असलेल्या सोनगड-व्याऱ्यापर्यंत आणि पुढे सुरत जिल्ह्यात पोचली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिच्यावर एक पूर्ण पुस्तक लिहिलं आहे, ते १९८७ साली निघालं.

शब्दांच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढच्या वर्षात आहे. लाट ओसरल्यावर काही लोकांनी देवीचे नियम पाळणं चालू ठेवलं आणि काहींनी सोडून दिलं. गावात दोन तट पडले. पाळणारे ते 'वरजेला', म्हणजे ज्यांनी वर्ज्य केलं ते. न पाळणारे ते 'सरजेला', म्हणजे जसे सर्जिले गेले तसेच राहिलेले. देवाने आपल्याला असंच घडवलं, खाणंपिणंही त्यानेच दिलं, मग का सोडायचं, असा त्यांचा सवाल. काही ठिकाणी या दोघांमधले रोटीबेटीचे व्यवहारसुद्धा अडले.

आता हे दोन शब्द मुलांसमोर ठेवा आणि विचारा, यातला फुटलेला गट कोणता? वरजेला म्हणतील, आम्ही देवीच्या मागे गेलो, फुटले ते हे. सरजेला म्हणतील, आम्ही बापजाद्यांच्या वाटेवर आहोत, वेगळे झालात ते तुम्ही. दोघेही स्वतःला मागोमाग जाणारे म्हणतात, आणि दोघेही दुसऱ्याला कापून गेलेला म्हणतात! लॅटिनमधली 'सेक्वी' आणि 'सेकारे' यांची भांडणं आपल्या शेजारच्या तालुक्यात कुणी लॅटिन न शिकता मांडून ठेवली होती. मला तर या दोन शब्दांची जोडी फार आवडते. दोन्ही नावांत शिवी नाही. एकात 'सोडलं' आहे, एकात 'घडलो तसे आहोत' आहे, आणि दोन्ही बाजूंचा युक्तिवाद नावातच सांगून टाकलेला आहे. इंग्रजीला इतकं नीट जमलेलं नाही.

त्यानंतर १९३८ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोदा तालुक्यातल्या मोरवड इथे गुलाम महाराजांभोवती भिल्ल समाजातले लोक मोठ्या संख्येने जमू लागले. दारू सोडणं, स्वच्छ राहणं आणि एकत्र आरती करणं यावर भर होता. लोक एकमेकांना 'आप की जय' म्हणत. त्यांच्यानंतर बंधू रामदास महाराजांनी ते काम चालवलं. ब्रिटिश सरकारला एवढी गर्दी बघून धास्ती वाटली आणि मेळाव्यांवर बंदी आली. आज मोरवड-रंजनपूरला यात्रा भरते ती त्यांचीच. आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात त्या परिवारातली मुलं आहेत.

या पंथाच्या नावाकडे बघा. ते कुण्या देवाचं नाव नाही, ग्रंथाचंही नाही. 'आप' म्हणजे आदराने म्हटलेलं 'तुम्ही'. ज्या माणसांना शेतावर, बाजारात आणि कचेरीत आयुष्यभर 'ए' आणि 'अरे' ऐकावं लागत होतं, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं ठरवलं आणि तेच नाव झालं. हा माझा अर्थ आहे, पण मला तो पटतो. सरकारी कागदांत अशा लोकांना काय म्हणत आणि ते स्वतःला काय म्हणत, यातलं अंतर मुलांना सहज कळतं. सुरत जिल्ह्यातही 'कालीपरज' म्हणजे काळी प्रजा हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव टाकून 'रानीपरज' म्हणजे रानातली प्रजा हे नाव घेतलं गेलं.

शाळेत हा विषय कागदावर येतो तो प्रवेशाच्या वेळी. जनरल रजिस्टरला धर्माचा रकाना असतो. एकदा एक वडील पेन हातात धरून थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही आपवाले. इथं काय लिहू? आमचा धर्म की पंथ?" मागे रांग होती. मागच्या एकाने हसून काहीतरी शेरा मारला, तो मी इथे लिहीत नाही. मी त्या वडिलांना खुर्ची दिली, रकाना कशासाठी असतो ते सांगितलं आणि त्यांनी सांगितलं ते लिहिलं. शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा मात्र माझ्याकडे नाही, त्या हसणाऱ्या माणसाकडे बघत होता. सेक्ट या शब्दावर एवढं लांबण का लावतोय, असं कुणाला वाटत असेल तर कारण हे आहे.

विलायतेतले वेगळे आणि आपलं मराठी व्याकरण

इंग्लंडात १६६२ च्या कायद्याने सगळ्या चर्चमध्ये एकच प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं. सुमारे दोन हजार पाद्र्यांनी ते मानलं नाही आणि त्यांची पदं गेली. अशा लोकांना 'डिसेंटर' म्हणत, म्हणजे असहमत. त्यांच्या गटांना सेक्ट म्हटलं जाई, आणि ते कौतुकाने नव्हे. 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, हे नाव तर टिंगलीतूनच पडलं. ते लोक स्वतःला 'मित्र' म्हणवत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये अशा लोकांवरची धार्मिक बंधनं बहुतेक उठायला १८७१ साल उजाडलं.

याचा मराठीशी संबंध? आहे ना. विल्यम केरी हा बाप्टिस्ट, म्हणजे डिसेंटरच. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून तो डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, जाऊन राहिला. तिथून १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण निघालं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश. आपल्या भाषेच्या छापील अभ्यासाची सुरुवात ज्यांनी केली त्यांत एक 'सेक्टवाला' होता, हे मला मोठं गमतीचं वाटतं.

कायद्यात हा शब्द कुठे आहे?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६ प्रमाणे प्रत्येक धार्मिक संप्रदायाला किंवा त्याच्या कोणत्याही विभागाला आपल्या धर्माच्या बाबतीतला कारभार स्वतः चालवता येतो. इंग्रजी मजकुरात इथे 'सेक्ट' नाही, 'डिनॉमिनेशन' आहे. डिनॉमिनेशन म्हणजे नाव देणे. घटनाकारांनी डंख असलेला शब्द टाळून नावाचा शब्द घेतला, हे बरंच झालं. (त्याच वाक्यात 'सेक्शन'ही आहे. तो मात्र खराच कापण्यातला.) पुढे १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ ठरवताना कोश उघडला. त्यावरून तीन कसोट्या रूढ झाल्या. समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतःचं वेगळं नाव. म्हणजे नाव हीसुद्धा कायद्याची कसोटी झाली.

पण 'आम्ही वेगळे' म्हणणारा नेहमी दुबळाच असतो किंवा त्याची बाजू नेहमी बरोबरच असते, असं मात्र मुलांना शिकवू नका. १९६६ सालचा सत्संगी खटला बघा. हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्या मंदिरांना लागू होऊ नये म्हणून स्वामीनारायण संप्रदायातले काही अनुयायी कोर्टात गेले होते. आमचा धर्म हिंदू धर्माहून वेगळा आहे, हा त्यांचा मुद्दा. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी निकालपत्रात तो नाकारला, हा हिंदू धर्मातलाच एक संप्रदाय आहे असं ठरवलं, आणि मंदिराची दारं बंद ठेवता येणार नाहीत हे स्पष्ट केलं. इथे 'वेगळे' हा शब्द दार लावण्यासाठी वापरला जात होता. मोरवडचं 'आप' दार उघडण्यासाठी होतं. म्हणून नाव कुणी दिलं हे विचारलं, की त्या नावाने काय करायचं होतं हेही विचारायला हवं.

वर्गात कसं घ्यायचं

मी फळ्यावर दोन रकाने करतो. एकीकडे 'मागोमाग जाण्याचे' शब्द, दुसरीकडे 'कापण्याचे'. मग मुलांना मराठी शब्द टाकायला सांगतो. पंथ पहिल्या रकान्यात जातो, कारण ती वाट. संप्रदायही तिथेच. सम् आणि प्र हे उपसर्ग आणि 'दा' म्हणजे देणे, म्हणून गुरूने शिष्याच्या हाती नीट सोपवलेलं ते. वारकरीही तिथेच बसतो, वारी करणारा तो वारकरी, त्यात कुणापासून वेगळं होणं नाही. दुसऱ्या रकान्यात फूट, दुफळी, फाटा. 'फिरका' हा शब्द मुलांना सहसा माहीत नसतो, पण सांगावा. तो अरबीतून आला आणि 'फरक' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, तेव्हा तो कापण्याच्या बाजूला. 'तट' आणि 'गट' यांवर वाद होतो, होऊ द्यावा.

मग घरी विचारून यायला सांगतो. आपल्या गावात किंवा नात्यात माळकरी, भगत, आपवाले, प्रार्थनेला जाणारे असे कोणते गट आहेत? ते स्वतःला काय म्हणतात आणि बाकीचे त्यांना काय म्हणतात? पालकहो, मुलं हा प्रश्न घेऊन आली तर त्यांना टोलवू नका. आजीआजोबांकडे पाठवा, त्यांना जुनी नावं आठवतात. बाहेरच्यांनी दिलेलं नाव टिंगलीचं असेल तर मुलाने ते वहीत लिहिलं तरी चालेल, वर्गात मोठ्याने वाचायला मी लावत नाही. शिक्षकांनीही लावू नये, कारण त्या नावाची मुलं त्याच बाकावर बसलेली असतात. अहिराणी, भिली आणि गुजरी भाषेतले शब्द जसेच्या तसे लिहू द्यावेत.

शेवटच्या पाच मिनिटांत एका मुलीने विचारलं, "सर, 'पार्टी' कुठे लिहू?" 'पार्टी'च्या मुळाशी लॅटिनमधला भाग, हिस्सा असा अर्थ आहे, म्हणून दुसऱ्या रकान्यात लिही, असं मी सांगितलं. ती लिहायला निघाली तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "पण सर, आमचे काका तर ज्याची पार्टी येईल त्याच्या मागोमाग जातात!" शब्द दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिला गेला आणि घंटा झाली.